देवराम सरांची न उघडणारी लिंक

अध्यक्षस्थानी असलेले प्राचार्य निरंजन सर, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले विभागप्रमुख, माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे उभे असलेले माझे विद्यार्थी,

एकतीस वर्षं नोकरी केलेल्या ग्रंथपालाला निरोप देताना आत्ता देवराम सर म्हणाले, ‘शांताबाई म्हणजे ज्ञानगंगा.’ आभारी आहे. सर या गंगेवर शेवटचे कधी आले होते, मला आठवत नाही. चहाला येतात, ते सोडा.

विषय निघालाच आहे तर बोलते. आपल्याकडे ऑनलाइन अभ्यासक्रम आले, थाटात फीत कापली. सर विभागातल्या कॉम्प्युटरवर लेख उघडतात, वरचा पत्ता जसाच्या तसा उचलतात आणि मुलांना धाडतात. तो फक्त कॉलेजच्या नेटवर उघडतो. घरून उघडणारी लिंक वेगळी असते, ती लायब्ररी देते. मागायला किती वेळ लागतो? एक मिनिट! तीन वेळा परिपत्रक काढलं. त्यातल्या एकावर जिलेबी ठेवून खाताना सरांना मी या डोळ्यांनी पाहिलंय. पीएच.डी. झालेली माणसं हो ही!

निंबोल्याची तृप्ती आपली ऑनलाइन विद्यार्थिनी. घरच्या केळीच्या बागेत राबून फोनवर शिकते. एका लेखावर पाच पानं लिहायची होती. नऊ वेळा लिंक दाबली, उघडेना. सरांना कळवलं, तर उत्तर आलं, ‘नेट चेक करो बेटा.’ शेवटी पोरगी बस पकडून माझ्याकडे आली. म्हणाली, ‘मॅडम, माझ्या फोनलेच काही झालं का?’ मी लायब्ररीची लिंक दिली, लेख लगेच उघडला. तिथंच बसून तिनं पाच पानं लिहून काढली. पण मुदत आदल्या दिवशीच संपली होती. सरांनी शून्य दिलं. वर म्हणाले, ‘सब बहाने हैं, माझ्याकडे तर उघडतंय!’

अहो, तुमच्याकडे उघडणारच! आतून कडी लावायची आणि बाहेरच्याला विचारायचं, येत का नाहीस? अशा शहाण्यांत एकतीस वर्षं काढली, याची मला लाज वाटते.

उद्या गुण विद्यापीठात जाणार. या शून्यानं तृप्ती नापास होते, आणि तिच्या घरचे आणखी एक वर्ष द्यायला तयार नाहीत. प्राचार्य साहेब, पानं उशिरा का होईना तपासावीत, हा तिचा अर्ज तीन आठवडे तुमच्या टेबलावर पडून होता. आज मी तो उचलून आणलाय. सोबत पेनही आणलंय, नाहीतर ते शोधण्यात आणखी तीन आठवडे जायचे.

लायब्ररीत येऊन ज्यांनी खरोखर वाचलं, त्यांचे मनापासून आभार. बोलायचं काही राहिलं असेल तर क्षमा करा. जे बोलले, त्याची क्षमा मागणार नाही.

देवराम सर, ही घ्या पाच पानं. इथंच वाचा आणि गुण द्या. प्राचार्य साहेब, अर्जावर तुमची सही. मग मी शाल घेते. तोवर कुणीही जेवायला उठायचं नाही.