‘अवर व्हरांडा’च्या बायकांनी माझ्या पत्नीला ठेवून घेतल्याबाबत

मी, दादाराव किसन खंदारे, वय ७१ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा सध्या काही नाही, पूर्वी जिल्हा परिषद शाळेत शिपाई, मूळ राहणार तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम, हल्ली राहणार मुलगा अनुप याच्याकडे, पॉइंट कुक, मेलबर्न, समक्ष हजर राहून लिहून देतो की,

घटना मागच्या शनिवारची आहे आणि मी आज बुधवारी आलो आहे. उशीर झाला त्याबद्दल आधी माफी मागतो. मला एकट्याने बसने येता येत नाही, आणि अनुपला सोमवारी व मंगळवारी ऑफिस होते. पोलीस ठाण्याच्या कौंटरवरचे तरुण साहेब मला ‘मेट’, म्हणजे दोस्त, म्हणाले. मी त्यांना मिस्टर खंदारे म्हणा असे सांगितले, त्यांनी लगेच तसे म्हटले. इंग्रजी जमत नसेल तर तुमच्या भाषेत लिहा, मग फोनवरच्या दुभाषी बाईंना वाचून दाखवा, असे त्यांनीच सांगितले. शाळेतले पंखे चोरीला गेले तेव्हा मी पंच होतो, त्यामुळे जबाब कसा लिहितात हे मला माहीत आहे.

माझी पत्नी, वय ६५, घरकाम. तिचे नाव फॉर्मवर आहे, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही.

मार्च महिन्यात पत्नी सुनेबरोबर आफ्रिकन दुकानात ज्वारीचे पीठ आणायला गेली होती. तिथे तिला अबुक नावाची सुदानी बाई भेटली. बाई उंच आहे, वय पन्नासच्या पुढे. त्यांच्यातही ज्वारीची भाकर करतात, पण पीठ आंबवून, धिरड्यासारखी पातळ. पत्नीने तिला दुकानातच हातावर थापून दाखवली. एवढ्यावरून ओळख झाली आणि अबुक तिला ‘अवर व्हरांडा’ या संस्थेत घेऊन गेली.

ही संस्था अबुक आणि आणखी चार बायका चालवतात. नोकरीचे अर्ज, कोर्टाचे कागद, गाडी शिकवणे, अशी कामे त्या बायकांसाठी करतात. पाटीवर लिहिले आहे की ही काळ्या बायकांसाठी काळ्या बायकांनी चालवलेली जागा आहे. पुरुषाला फाटकाच्या आत घेत नाहीत. आत प्रत्येकीचा कप वेगळा असतो आणि त्यावर तिने स्वतः सांगितलेले नाव लिहितात, असे पत्नीने घरी सांगितले होते. मी तेव्हा लक्ष दिले नाही.

आपण भारतीय आहोत, आपला त्यांच्याशी संबंध नाही, हे मी घरात अनेकदा सांगितले. पत्नी म्हणाली, “त्यांच्या फॉर्मवर विचारलं होतं, काळी आहेस का. मी हो म्हटलं. नाही कोण म्हणणार, तुम्ही?” यावर सून प्रतीक्षा हसली. मला ते आवडले नाही.

खुलासा असा की, मी पत्नीला लग्नापासून ‘ए काळे’ अशी हाक मारतो. तिचा रंग तसा आहे. माझाही फार वेगळा नाही. आमच्याकडे नवराबायको एकमेकांचे नाव घेत नाहीत. तिने चव्वेचाळीस वर्षांत या हाकेबद्दल कधी तक्रार केली नाही.

ऑक्टोबरमध्ये त्या बायकांनी तिला कमिटीवर घेतले. तिला सहीपुरते लिहिता येते, वाचता येत नाही. तरी ती आठवड्यातून चार दिवस जाऊ लागली. माझे जेवण झाकून ठेवत असे. मायक्रोवेव्हची बटणे मला समजत नाहीत, मी गारच खात होतो. हे मी तिला सांगितले नाही.

त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी दुपारी मी तिचे चालायचे बूट आणि बसचे मायकी कार्ड माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावले. हे मी कबूल करतो. ती म्हणाली, “कुलूप काढा. मीटिंग आहे.” मी म्हणालो, “काळे, गुमान बस घरात. मोठी आली मीटिंगवाली.” ती घरातल्या चपलेवरच निघून गेली. कोपऱ्यावरून परत येईल असे मला वाटले. त्या दिवशी वारा होता आणि तिने स्वेटर घेतला नव्हता.

तेव्हापासून ती घरी आलेली नाही. ती कुठे राहते हे अनुपला माहीत आहे, तो मला सांगत नाही. फ्रिजवरची तिची बीपीच्या गोळ्यांची डबी शुक्रवारी सकाळी जागेवर नव्हती, म्हणजे त्यानेच पोचवली. नात मिताली हिला विचारले तर ती म्हणाली, “आजी इज फाइन, आजोबा. शी जस्ट डझन्ट वॉन्ट टू टॉक.” फाइन म्हणजे बरी हे मला समजते. पत्नीचे गुडघे दुखतात, त्यांचे काय ते मितालीने सांगितले नाही.

शनिवारी सकाळी मी चालत ‘अवर व्हरांडा’ला गेलो. सव्वा तास लागला. फाटक बंद होते. आत व्हरांड्यात वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. मी “ए काळे, बाहेर ये” अशी हाक मारली. कोणी उठले नाही म्हणून आणखी चार-पाच वेळा मारली, मोठ्याने मारली.

तिथे मयूरा नावाची पुण्याची मुलगी युनिव्हर्सिटीकडून काम शिकायला येते. ती धावत आली आणि म्हणाली, “काका, प्लीज. इथे हे असं ओरडू नका.”

मी म्हणालो, “मी माझ्या बायकोला बोलावतोय. तुझं काय जातंय?”

मग अबुक आली. मी काय म्हणतो ते तिने मयूराला विचारले. मयूरा बोलेना. म्हणून मीच सांगितले, “ब्लॅक. आय कॉल ब्लॅक. माय वाइफ.” मी काही लपवले नाही.

अबुक व्हरांड्याकडे वळून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी मयूराला विचारले, काय म्हणते ती. मयूरा म्हणाली, “काळीला बोलावताय, तर इथे पंचवीस आहेत. तुम्हाला कुठली हवी? नाव सांगा, आम्ही लगेच बोलावतो.”

मी नाव घेत नाही असे सांगितले. अबुकने विचारले, लग्नाला किती वर्षे? मी सांगितले. त्यावर ती जे बोलली ते मयूराने सांगितले नाही, पण त्यातला ‘डॉग’ शब्द मला समजला. कुत्र्याला तरी नाव असते, असे ती म्हणाली. ते नंतर अनुपने तिथे विचारून मला सांगितले.

माझ्या बापाला गावात कोणी किसन म्हटले नाही. मरेपर्यंत म्हटले नाही. जातीवरून हाक मारत. आणि कुत्रा हा शब्द मी लहानपणी पुष्कळ ऐकला आहे. तो या वयात, परदेशात, एका बाईच्या तोंडून ऐकायला लागावा, म्हणून मी फाटकाला लाथ मारली. कडी तुटली. मी कोणाच्याही अंगाला हात लावला नाही. अबुक जागची हलली नाही. तिने तिथे उभे राहूनच पोलिसांना फोन केला.

एवढ्यात पत्नी बाहेर आली. हाताला पीठ होते. मयूराने तिला आतून बोलावले असावे. ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “हाक मलाच आहे. तुमच्यातल्या कोणाला नाही.” मग मला म्हणाली, “माझे बूट कुठायत?”

मी म्हणालो, “घरी चल, कपाटात आहेत.”

ती म्हणाली, “इकडे पाठवा.”

आतून कोणीतरी तिला नावाने हाक मारली. ती “आले” म्हणाली आणि गेली. माझ्या हाकेला ती इतक्या लवकर कधी ओ देत नाही.

मी फाटकाजवळ येऊ नये असा हुकूम व्हावा, असा अर्ज त्या बायकांनी केल्याचे साहेबांनी सांगितले. त्याला माझी हरकत आहे. ती घरी येत नाही आणि मी तिथे जायचे नाही, तर मला ती दिसणार कुठे? त्या बायकांनी घर फोडले असे माझे म्हणणे आहे आणि ते मी मागे घेत नाही. कडी मात्र मी बसवून देईन. शाळेच्या सर्व दारांना तीस वर्षे मीच कड्या बसवल्या.

हा जबाब वरीलप्रमाणे लिहून झाल्यावर साहेब म्हणाले की पत्नीचे नाव यातही लागेल, त्याशिवाय चालणार नाही. ते असे: सोजरबाई दादाराव खंदारे.

त्यानंतर मी सर्व जबाब फोनवर वाचून दाखवला. नावाच्या जागी दुभाषी बाईंना नीट ऐकू गेले नाही. त्यांनी पुन्हा म्हणायला सांगितले. मी पुन्हा म्हटले, मोठ्याने. बाकी मजकूर एकदाच वाचला असून माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सोबत पिशवीत बूट, मायकी कार्ड आणि स्वेटर जमा केला आहे. तिला वाकता येत नाही, म्हणून नाड्या सैल करून ठेवल्या आहेत. पिशवी तिला मिळाली का, आणि ती काय म्हणाली, हे मला लवकर कळवावे. मी घरीच असतो.

दादाराव किसन खंदारे