पाव तास बसायला लागंल

आमच्या दारू तपासायच्या मशीनमधी आपणहून फुंकायला कोण येतंय का रं? माझ्याकडं एक जण आला.

मी तवा उंब्रजला हायवेवर ट्रॅफिक पोलिसाच्या ड्युटीला होतो, बायको-पोरं सांगलीला. एका दुपारी एका म्हाताऱ्याची स्कूटर थांबवली आणि मशीन तोंडापुढं धरलं. त्यानं फुंकलं, तर आकडा लय वर. म्हटलं, "आवं आण्णा, ह्या वयात, भर दुपारी?"

"दारू न्हाई, साहेब. खोकल्याचं औषध घेतलंय आत्ताच."

आता काही औषधांत दारूचा अंश असतो. तो नुसता तोंडात असला तर पाव तासात उडून जातो. पोटात गेलेली दारू मात्र श्वासातनं येतच राहते. म्हणून अशा माणसाला पाव तास बसवायचं आणि परत फुंकायला लावायचं. बसवलं बाकड्यावर. बायको गेल्याचं त्यानं सांगितलं, पोरगं पुण्याला असतं म्हणाला. परत फुंकलं, तर शून्य.

म्हटलं, "जावा आता घरी."

"घरी व्हय," म्हणाला, आणि उगंच स्कूटरची सीट पुसत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी हात करायच्या आधीच थांबला. "साहेब, औषध घेतलंय. पाव तास बसायला लागंल न्हवं?"

मशीन धरलं, तर पहिल्याच फुंकीला शून्य. मी बघतच राहिलो, तसं त्यानं पुरावा म्हणून खिशातनं बाटली काढून दाखवली. नवी कोरी. झाकणाचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "लागंल, आण्णा. बसा."