माचणूरच्या घाटावरचे कपडे

व्याह्यांना माचणूरचा किल्ला दाखवायला नेलं, तिथंच चुकलं बघा. पोरीची सुपारी आदल्या दिवशीच फुटलेली. किल्ल्यावरनं उतरलो, तर आमच्या आधीच खाली उतरलेले व्याही गायब! घाटाच्या पायरीवर त्यांचे कपडे, चष्मा, चप्पल. समोर भरलेली भीमा.

बायको किंचाळली, "अहो, बुडाले की!"

मी अन् मेव्हण्यानं कपड्यांसकट उड्या टाकल्या.

तेवढ्यात वरच्या देवळापासनं पुजाऱ्याची म्हातारी ओरडली, "कुणाला हुडकताय? पाव्हणं हितं जेवत्यात की!"

धावत वर गेलो. आंघोळ करून ओलेत्यानंच पिंडीला पाणी घालून आलेले व्याही म्हातारीच्या ओसरीवर भाकरी मोडत बसलेले. माझा जीव भांड्यात पडला.

आम्हाला न्याहाळत म्हणाले, "तुमच्याकडं कपड्यांसकट आंघोळ करतात वाटतं?"

मी म्हटलं, "व्हय. व्याही आले की करावीच लागते."