रिबीन लावलेली आई

मुलांनो, जरा कल्पना करा. दुपारची वेळ आहे, तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसला आहात आणि मागचं दार उघडं आहे. दाराबाहेर सांडपाण्याच्या नालीवर तीन-चार हात लांबीची लोखंडी जाळी आहे. तिच्यावर एक बारकी कुत्री बसली आहे. तिच्यापासून जरा अंतर ठेवून माझी नऊ वर्षांची भाची उभी आहे. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. फोन वाजतो. माझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे भिंगरीच्या बाबांचा. कुत्र्या-मांजरांची पैदास करून पिल्लं विकायची, हा त्याचा धंदा. तो काय म्हणतो ते तुम्हाला ऐकू येणार नाही. मी बोलते त्यावरून ओळखा.

हॅलो?

हो, मीच. बोल, धाकट्या.

हो, इथेच आहे… कोण, मुलगी की कुत्री?… दोघी आहेत.

चोरली? अरे, पोरीने भाजीच्या पिशवीत घालून, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून, भर रस्त्यातून आणली. शेपूट बाहेर लोंबत होतं. वाण्याने तर विचारलंसुद्धा, काय गं, आज कुठली भाजी? असली चोरी कोण करतं?

नाही… नाही, मी नाही सांगितलं तिला… अरे ऐक तरी… ऐक ना! मला दार उघडल्यावर कळलं.

संध्याकाळपर्यंत? नाही देणार.

नाही म्हणजे नाही. मराठीतच सांगते आहे.

का म्हणून काय विचारतोस? जनावरांच्या डॉक्टरीणबाई सकाळी येऊन गेल्या. चार वर्षांचीही नाही म्हणाल्या. पुढचे दात गेलेत. तीन वर्षांत सहा वेतं, धाकट्या. सहा! आणि पुढच्या आठवड्यात माजावर येईल म्हणून तुला ती परत हवी आहे. सातव्यासाठी… काय खोटं आहे यात? एक तरी गोष्ट खोटी सांग.

ओरडू नकोस. मी बहिरी नाही.

बरं, नाव काय तिचं?… नाव विचारते आहे मी… चार नंबर. हे पिंजऱ्याचं नाव झालं. तिचं कुठलं?… बघ, नावच नाही.

तुला एक सांगते, आधी ऐकून घे, मग हवं तेवढं ओरड. काल मी तिच्यासाठी गोधडी घातली. दुपदरी, माझी स्वतःची. ती गोधडीवर पाय ठेवीना. फरशीवर उभी केली तर चारही पाय फाकायला लागले, घसरली, हनुवटीवर पडली. मग सरपटत सरपटत मागच्या दाराने गेली ती थेट नालीच्या जाळीवर. तिथे अंगाचं मुटकुळं करून झोपली. आत्ता या क्षणीही तिथेच आहे. का सांग?… नाही, आजारी म्हणून नाही. तिने जन्मात जाळीशिवाय दुसरी जमीन पाहिलेली नाही म्हणून. शी खाली पडते, धुवायचे कष्ट वाचतात, हे तूच मला कौतुकाने सांगितलं होतंस. मीसुद्धा तेव्हा, हो का, छान, म्हणाले. त्याची लाज वाटते मला.

हो, उद्या सुनावणीला जाणार आहे. अकरा वाजता.

बोलणार, का नाही बोलणार? सरकारने तुमच्या धंद्यासाठी नियमांचा मसुदा लावला आहे, लोकांनी येऊन मत सांगा म्हटलं आहे. मी लोकांतलीच आहे… हो, बाजूने बोलणार. परवाना हवा. पिंजऱ्यात पायाखाली सपाट जमीन हवी. वर्षाला एकच वेत. तपासनीस न कळवता आला पाहिजे. आणि पिल्लू विकताना त्याची खरी आई दाखवली पाहिजे.

हसू नकोस… हं, हस, हस. मलाही आलं हसू. काल भिंगरीने सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हसूच आलं. तुझ्या दिवाणखान्यातली ती पांढरीशुभ्र, केस विंचरलेली, गुलाबी रिबीनवाली आई! कुठलंही पिल्लू असो, गिऱ्हाईक आलं की तीच आई… अरे गाढवा, तो नर आहे!

काय, कुणाला कळतं? पिल्लू बघायला आलेल्या त्या बाईंबरोबरच्या चार वर्षांच्या मुलाला कळलं. तो वाकला, खाली बघितलं आणि म्हणाला, आई, ही आई मुलगा आहे. धंदा करतोस आणि आई निवडताना एवढंसुद्धा बघू नये?

हो, आणि तेव्हा मांडीवर तो कुत्रा घेऊन कोण बसलं होतं? तुझी मुलगी. हीच यांची आई, असं कोण म्हणायचं? तीच. दर रविवारी… तिला मजा वाटायची? तिला विचारलंस कधी?

थांब, थांब. तपासनीस पैसे खाईल हे कुणी सांगितलं तुला?… खाईल तर त्याची तक्रार कर. मी येते तुझ्याबरोबर, सही पण करते. पण कुणीतरी पैसे खाईल म्हणून हिने जाळीवर राहायचं, हे कुठलं गणित? पाढे मी शिकवले होते तुला. असले नव्हते शिकवले.

माझी शाळा विसरलास? तिथे यायचा तो तपासनीस, जाड भिंगांचा. न कळवता, ऐन मधल्या सुट्टीत. संडास मोजायचा, बाक हलवून बघायचा. मनातल्या मनात मी त्याचा उद्धार करायचे. एकदा शिडी मागितली आणि चढला टाकीवर. आत मेलेली पाल निघाली. साठ पोरं ते पाणी पीत होती, धाकट्या, आणि मी रोज त्यांना स्वच्छतेचा धडा देत होते! दुसऱ्या दिवशी टाकीला झाकण बसलं. तो आला नसता तर मी बघितलं असतं का? नसतं. मी काही वाईट बाई नव्हते. वर चढून बघत नव्हते, एवढंच.

नाही, तुझी आणि माझी गोष्ट एक नाही, बरोबर. मला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे.

धंदा बंद पडेल? मग कमी कुत्री ठेव, नीट ठेव. माळ्यावरच्या त्या मांजरांना आधी खाली आण, डोळे चिकटलेत त्यांचे… कोण म्हणजे? भिंगरीच. सगळं तिलाच दिसतं त्या घरात.

काय म्हणालास?

पुन्हा म्हण.

तुझ्याशी संबंध संपला, असं? बरं. संपव. पण आधी हे ऐकून घे: मी हा फोन ठेवणार आणि कुत्री इथेच राहणार… ये ना. दार उघडं आहे. माझ्यासमोरून उचलून ने. बघतेच मी.

मुलीला दे? तिच्याकडून ऐकायचंय? ती नुसतं हो म्हणेल अशी खात्री दिसते तुझी… भिंगरे, बाबांना बोलायचं आहे. नको असेल तर नको, बाळा… बोलतेस? घे. हळू, वायर अडकली आहे.

(आता फोन भिंगरीच्या हातात आहे. मी बाजूला झाले.)

हॅलो? बाबा…

हो, जेवले.

नाही. आत्याने नाही शिकवलं.

रडत नाहीये मी. नाक बंद झालंय.

बाबा, ती ना, गोधडीला घाबरते… गोधडीला, बाबा! मऊ असते ना, म्हणून. तिला वाटतं पाय आत जाईल.

मी त्या काकूंना खोटं सांगितलं होतं. हीच आई म्हणून… मला माहीत होतं. मागे चार नंबर ओरडत होती. पिल्लं पुढच्या खोलीत होती ना, तिला ऐकू येत होती… तुम्ही टीव्ही मोठा केलात.

नाही.

नाही आणणार.

उद्या मी पण जाणार आहे, आत्याबरोबर. कुणी विचारलं तर सांगणार… खरी आई कुठली ते.

तुमचं नाव नाही घेणार… हो, पण त्यांनी विचारलं तर?

बाबा? तुम्ही ओरडलात की मला काही कळत नाही. मी ठेवते. नंतर हळू बोला.

तिने फोन ठेवला, मुलांनो. आपटला नाही. अडकलेली वायर सोडवून नीट जागेवर ठेवला.  तिने गोधडी उचलली आणि मागच्या दारी गेली. मला वाटलं, कुत्रीला उचलून तिच्यावर ठेवेल. तसं नाही केलं. चपला काढल्या, चार नंबरच्या शेजारी त्या लोखंडी जाळीवर स्वतःच मांडी घालून बसली आणि गोधडीचं फक्त एक टोक, चार बोटांएवढं, जाळीच्या कडेवर सरकवलं.