भिंतीवर पडलेलं पेन

— नाही हो ताई, हे नको. हे बघा, नुसतं बोटांत धरून जरा वाकवलं तर कुरकुरतंय. दिसायला छान आहे, मान्य, रंगही तिच्या आवडीचा आहे, पण रंगाचं काय करायचंय, मला टिकणारं हवंय. टिकणारं म्हणजे कसं — रोजच्या वापरातलं, दप्तरात कोंबायचं, बाकावर आपटायचं, आणि पडलं तरी उचलून पुन्हा लिहिता आलं पाहिजे. शाईचंच हवं, बॉलपेन नको, बॉलपेनला दाबावं लागतं. आणि महागही नको. पैसे आहेत हां माझ्याकडे, माझं ग्रिलचं वर्कशॉप आहे, मागच्या रस्त्याला — खिडक्यांची ग्रिलं, जिने, लोखंडी दारं — तुमच्या या दुकानाचं शटरसुद्धा आमच्याच एखाद्याने केलं असेल, वेल्डिंग बघा, गबाळं आहे, माझं नाही ते. पण पेन स्वस्तातलंच द्या. शाळेतली पोर आपल्या खाऊच्या पैशातून घेईल असं. महागडं नेलं तर तिला वाटेल बाप माफी मागायला आलाय. तसं काही नाहीये. पोरीची परीक्षा आहे, पेन नाहीये, बापाने पेन आणलं, संपला विषय.

आधीचं? आधीची दोन होती की. चांगली होती. तिच्या मास्तरीणबाईंनी शाईच्या पेनाचं वेड लावलं — अक्षर सुधारतं म्हणे, आणि खरंच सुधारलं, खोटं कशाला बोलू, मोत्यासारखं अक्षर आहे. पहिलं पडलं. कुठे म्हणजे, पडलं, भिंतीवर पडलं. हसू नका — पेन भिंतीवर कसं पडतं म्हणता? पडतं. मी काहीतरी सांगत होतो तिला, महत्त्वाचंच सांगत होतो, आणि ही बाई खाली मान घालून लिहितेय. बाप बोलतोय आणि ही लिहितेय. एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, ‘एवढी ओळ होऊ द्या बाबा’ म्हणाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घेतलं हातातून आणि भिरकावलं. आता भिंतीला लागून कपाट होतं त्याला मी काय करू, निब अशी रुतली कपाटाच्या दारात, पक्कड आणून काढावी लागली. लोक म्हणतात निब नाजूक असते. कसली नाजूक, अर्धा इंच लाकडात गेली. तिला लागलं नाही हो. कानाच्या बाजूने गेलं, इथून, इतक्या अंतरावरून. मुद्दाम बाजूने मारलं होतं. म्हणजे — लागलं नाही ना, मग झालं तर.

दुसरं पायाखाली आलं. बुटाच्या. ते प्लास्टिकचंच होतं, हे आता तुम्ही पुढे केलंत तसलंच, टोपणाचा चुरा झाला, शाई फरशीभर, आणि हिची आई फडकं घेऊन बसली पुसत. पुसतेय आणि रडतेय, रडतेय आणि पुसतेय, मला सांगा, एका पेनासाठी माणूस रडतं का? मी म्हटलं, रडणं बंद कर नाहीतर — जाऊ दे. सांगायचं एवढंच की प्लास्टिकचं नको. धातूचं आहे का काही? हं, हे दाखवा. हे वजनाला बरं आहे. टोपण आट्यांचं आहे, छान, आटे स्वच्छ पाडलेत. हे बघा, आता मी टाकतो खाली — टाकू द्या हो, फुटलं तर पैसे देईन — बघा. उचला. साधा पोचाही नाही. आता टाचेखाली घेतो. घाबरता काय एवढ्या, पेनच आहे. बघा, माझं सगळं वजन टाकलं, आणि तसंच्या तसं. हे पाहिजे होतं मला. अशा वस्तू करणाऱ्या माणसाच्या घरी नक्की माझ्यासारखा एखादा असणार.

काय विचारलंत? मी सुधारायला नको का, असं? ताई, माझं वय बघा. माणूस आता काय सुधारणार, पेन मजबूत घेतलेलं बरं. राग आहे मला, आहे. वडिलांना होता, त्यांचा पट्टा अजून खुंटीला आहे. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत आहे — मालकाचा आवाज चढला की हातोडी खाली ठेवायची आणि बाजूला व्हायचं. मागे एका गिऱ्हाइकाने पैशावरून आवाज केला, त्याला त्याच्याच ग्रिलवर असा दाबून धरला की गालावर नक्षी उठली. मग पाणी दिलं प्यायला. नंतर मी पाणी देतो सगळ्यांना. मनात काही ठेवत नाही, हात सुटला की मी मोकळा. घरच्यांना तेवढं कळत नाही, ते धरून बसतात. बस स्टॉपवर एक पोरगा हिच्याशी बोलत उभा होता, त्याला एकच दिली, एकच, तर ही आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. तो म्हणे वही मागत होता. आता मला काय ठाऊक वही मागत होता.

लिहून बघू? मी काय लिहिणार, मापं सोडून मी काही लिहीत नाही. तुम्हीच बघा ना. कोणत्या हाताने लिहिते? उजव्याच. म्हणजे — डाव्या. सध्या डाव्या हाताने लिहिणार आहे. उजवा जरा — जिन्यावरून पडली. प्लास्टर आहे कोपरापर्यंत, आणि परीक्षा तोंडावर. शाळा म्हणाली लिहायला माणूस देतो, तू नुसतं सांग. तर नाही म्हणाली. माझं मी लिहीन, डाव्या हाताने लिहीन. हट्टी आहे. माझ्यावर गेलीय. मी तिला बघितलं सराव करताना, दारातून, तिला कळू न देता. अक्षर कसलं, नुसत्या मुंग्या. ज्या पोरीचं अक्षर मास्तरीणबाई वर्गभर फिरवायच्या, ती जीभ बाहेर काढून मुंग्या काढत बसलेली. मला बघवलं नाही. तिथून सरळ गच्चीवर गेलो.

हो का? डाव्या हाताला निब जरा घासून द्यावी लागते? बरं, मग द्या घासून. डावा हात निबेला ढकलत नेतो, ओढत नाही, म्हणून टोचते — समजलं, समजलं, लोखंडाला कानस लावतो तसंच. लावा की. वेळ लागतो का फार? परवाच एका मुलीची घासायला घेतलीत, मग? घ्या ना ही पण — कोणत्या मुलीची?

नाही, थांबा, आता तोंड मिटू नका. आता म्हणालात तुम्ही. मुलीची म्हणालात, आणि माझ्याकडे बघितलंत. तिच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. होतं ना? बोलू नका हवं तर, मान हलवा. त्यावर निळ्या शाईने वेलीची पानं काढलेली, मनगटापासून वर चढत गेलेली. ती मीच — नाही, मी नाही काढली, तिच्या आईने काढली, दवाखान्यात, पोर रडत नव्हती म्हणून. पोर रडत नसली तरी आयांना काहीतरी करावंच लागतं.

कुणाबरोबर आली होती? आईबरोबरच ना? बरी दिसत होती? जेवतेय का, असं कसं विचारू तुम्हाला, तुम्हाला काय माहीत. कुठे राहतात म्हणाल्या? हे बघा ताई, ती घरी अभ्यास करतेय असं मी म्हणालो नाही तुम्हाला, म्हणालो का? मी म्हणालो परीक्षा आहे. घरी नाहीयेत त्या. दवाखान्यातून आल्या, सराव केला एक दिवस, आणि दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमधून आलो तर घर उघडं. गॅसवर भाजी झाकून ठेवलेली माझ्यासाठी. भाजी करून गेली, म्हणजे बघा. मेहुण्याकडे गेलो, तो म्हणाला इथे नाहीत, कॉलर धरून भिंतीला लावला तरी तेच म्हणाला, त्याची म्हातारी आई मध्ये पडली म्हणून सोडला. मैत्रिणींकडे गेलो. शाळेच्या फाटकावर उभा राहिलो तर शिपायाने हाकललं — मला हाकललं, ते फाटक मी केलंय. आणि तुम्हाला माहीत आहे. पेन विकणाऱ्या बाईला माहीत आहे माझी पोर कुठे आहे, आणि मला नाही.

जिन्यावरून पडली असं ती म्हणाली? नाही? मग काय म्हणाली? काहीच नाही. नाहीच म्हणणार. दवाखान्यातपण काही म्हणाली नाही, डॉक्टरने मला बाहेर काढून विचारलं तरी नाही. दार लागलं तिच्या हाताला. आमच्या घरचं दार मीच केलंय, लोखंडी चौकट, दुहेरी पत्रा, चोराने कपाळ आपटलं तरी हलायचं नाही. ती मैत्रिणीकडे अभ्यासाला निघाली होती, मी म्हटलं नाही जायचं. ती उंबऱ्यात उभी, चौकटीला हात धरून. ओरडली असती, उलट बोलली असती तर मी समजू शकलो असतो. ती हळू आवाजात म्हणाली, ‘बाबा, मी जाणार आहे.’ एवढंच. मी दार लावलं. आता चौकटीत हात ठेवतं का कुणी? दार लागणारच ना. जोरात लागलं, वाऱ्याने —

वारा नव्हता.

हात दिसत होता मला. सगळी बोटं दिसत होती, मधल्या बोटावर तो शाईचा डाग. दिसत असताना लावलं. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. ओरडली नाही हो ती. ओरडली असती तर मला लगेच कळलं असतं, मी उघडलं असतं, पण ती ओरडलीच नाही, आणि मी दाराला खांदा लावून उभा, मला वाटलं चौकटीच्या पट्टीत काहीतरी अडकलंय, दार नीट बसत नाहीये. आणखी दाबलं मी. कारागीर आहे ना, दार बसत नसलं की दाबतो. मग आतून तिच्या आईचा आवाज आला. तसला आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

फोन ठेवा. ठेवा म्हणतो ना. हात लावणार नाही मी तुम्हाला, बाईमाणूस आहात, पण मला पत्ता पाहिजे. सांगा कुठे राहतात. मी फक्त पेन देईन. दारात ठेवेन आणि येईन. मला त्रास द्यायचा नाहीये कुणाला, मला माझी पोर — सांगा म्हटलं ना —

बघा. बघा काय झालं. काचेचा काउंटर कशाला ठेवता अशा ठिकाणी. भरून देतो, काळजी करू नका, उद्याच माणूस पाठवतो. नाही, काही नाही, हाताला जरा लागलंय, वाहू दे, सवय आहे. तुम्हाला तुकडा उडाला नाही ना? पाणी प्या. घाबरू नका. मी आता शांत आहे, बघा, एकदा असं झालं की मी शांत होतो.

सारखं बाहेर काय बघताय? मघापासून बघतोय मी. घड्याळ आणि दार, घड्याळ आणि दार. त्या कागदाच्या पुडीवर हात ठेवून का उभ्या आहात? दाखवा. हात काढा. हे — हे तिचं आहे. स्टीलच्या निबेचं, साधं, सगळ्यात स्वस्तातलं. म्हणजे घासून तयार आहे. म्हणजे न्यायला येणार आहे. आत्ता येणार आहे.

बरं. मग मी बसतो इथेच. स्टूल आहे, बसतो. नाही जायचा मी. तुम्ही मला हात जोडा नाहीतर पोलिसांना बोलवा, मी बसणार. काय करणार आहे मी तिला? काही करणार नाही. हे मजबूतवालं भरा शाईने, निळी भरा. म्हणेन, बघ, हे पायाखाली घेतलं तरी तुटत नाही, ताईंना विचार. म्हणेन, घरी चल. नाही म्हणाली तर — नाही म्हणणार नाही. माझ्यासमोर नाही म्हणत नाही ती. द्या. भरलंत? द्या इकडे.

आल्या. त्या बघा, पलीकडे, औषधांच्या दुकानासमोर. आईने दंड धरलाय. पोर बारीक झालीय. तो हात गळ्यात बांधलाय, आणि पानं — पानं पार कोपरापर्यंत काढलीत की. नाही, थांबा, मी बाहेर जात नाही, शप्पथ नाही जात. इथूनच दाखवतो, या दर्शनी काचेतून. तिला दिसू दे पेन आणलंय म्हणून. हे बघ — इकडे बघ गं — हे बघ —

नाही.

ताई, मी नुसता हात वर केला. तुम्ही बघितलंत ना. तुम्ही इथेच होतात, माझ्या हातात पेन होतं, मी पेन दाखवत होतो तिला. मध्ये एवढा मोठा रस्ता, गाड्या, ही काच. आणि ती तिथल्या तिथे खाली बसली. भर रस्त्यात, फुटपाथवर, डोकं गुडघ्यांत घालून, आणि प्लास्टरचा हात असा डोक्यावर. लोक वळून बघत होते. एवढी मोठी पोर. आणि तिची आई तिच्यासमोर उभी राहिली, हात पसरून, माझ्याकडे तोंड करून.

रक्त लागलं असेल हाताला, म्हणून घाबरली असेल. एवढ्या लांबून रक्त दिसतं का? नाही दिसत. मलाही माहीत आहे नाही दिसत.

गेल्या. रिक्षात बसवलं तिला. तुम्ही खूण केलीत ना त्यांना? केलीत. बरं केलंत.

ही पुडी ठेवा, तिचीच आहे. ती येईल न्यायला, मी गेल्यावर येईल. मी इथे असेपर्यंत ती यायची नाही, आणि परीक्षा तर परवावर आलीय. हेही ठेवा. नाही, तिला देऊ नका, माझ्याकडून म्हणून अजिबात देऊ नका. विकून टाका कुणाला तरी. चांगलं पेन आहे, कुणाच्याही हाती टिकेल.

जातो मी. उठतो आता, जरा हाताला रुमाल बांधू दे. माझ्याकडे बघू नका हो ताई. त्या दारात दुसऱ्या कोणी गिऱ्हाईक उभ्या आहेत, आत यायला घाबरतायत बघा — त्यांना काय हवंय ते विचारा.