नर आत मोडला, त्याबद्दल

मी, जेलिंदो चेन्ताझ्झो, वय ७८, धंदा मिटत्या चाकूंची पाती बनवणे, राहणार ओढ्याकाठची गल्ली, मानियागो. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

उल्देरीको माझ्झोली हा माझा भागीदार. शाळेत एका बाकावर होतो, आता एका टेबलावर आहोत. त्याचा मी खून केला असा संशय असल्याचे मला आज सकाळी समजले. कळवल्याबद्दल आभारी आहे.

संशयाचे कारण असे. आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बोलोन्याहून आलेल्या फ्लाविया बाई भाड्याने राहतात. काल दुपारी त्यांनी खालून ओरडणे ऐकले: "मोडलास माझा नर! आत मेलाय तो! आता जाळूनच बाहेर काढायचा!" त्यानंतर उल्देरीको कोणाला दिसला नाही. बाईंनी दोन अधिक दोन केले आणि पोलिसांना फोन केला.

आमच्या गावात भोकात स्क्रूचे आटे पाडायच्या हत्याराला नर म्हणतात. हे शेंबडे पोरही सांगेल, पण फौजदार साहेब सिसिलीचे असल्याने लिहून देतो. ओरडणारा उल्देरीको होता, म्हणजे बाईंच्या हिशेबाने मयतच ओरडत होता.

पात्याच्या मुळाशी एक बारीक भोक असते. त्यात अंगठ्याने पाते उघडायची खुंटी स्क्रूने बसते. या भोकाला आटे पाडायचे ते पोलादाला पाणी देण्याआधी, मऊ असताना. एकदा भट्टीतून काढून पाणी दिले की पोलाद कोणाचे ऐकत नाही. मग नर फक्त जुन्या आट्यांतली काजळी काढायला हळूच फिरवतात. आटे पाडलेली पाती निळ्या डब्यात, राहिलेली लाल डब्यात, ही आमची पद्धत.

एक पाते मी आटे न पाडता निळ्या डब्यात ठेवले. त्या वेळी मी शाळेतली एक कविता आठवत होतो. तीन ओळी आल्या:

ओढा म्हणे चाकाला, किती रे फिरशील?
चाक म्हणे ओढ्याला, किती तू धावशील?
ओढा म्हणे, थांबलो मी

चौथी येईना. पात्याला पाणी दिले गेले. काल उल्देरीको काजळी काढायला बसला. नर अडला. अडले की जोर लावायचा हा त्याचा स्वभाव. नर त्याच्या वडिलांचा होता.

तो म्हणाला, "आंधळ्या, कविता करत होतास ना?"

मी म्हणालो, "करत नव्हतो, आठवत होतो."

तो म्हणाला, "मग आता एकटाच बस आठवत." तो पाते घेऊन गेला. घरी गेला नाही. मी दुकान उघडे ठेवले. रात्री बंद केले नाही, कारण विचारू नये.

पोलिसांनी दुकानाची झडती घेऊन सुऱ्या जप्त केल्या. सुऱ्यांच्या गावात, सुऱ्यांच्या दुकानात सुऱ्या सापडल्या. तपास चोख झाला.

जबाब इथवर आला असता मयत इसम ठाण्याच्या दारात आला व त्याने टोपी काढली.

"काय रे, मारलंस म्हणे मला?"

"कुठं होतास?"

"पोर्देनोनेला, बहिणीकडे. तिथल्या कारखान्यात विजेच्या ठिणगीनं नर जाळून काढला सकाळी." त्याने पाते साहेबांच्या कागदावर ठेवले. "भोक मोठं झालंय. आटे आता पडायचे नाहीत, खुंटी दाबूनच बसवायला लागेल."

"बसवू."

"बसवू म्हणे! डबे मी सांभाळीन." मग भिंतीकडे बघत म्हणाला, "चौथी आठवली?"

"नाही."

"तर तू कोणाशी भांडशील."

"माझ्याशी काय भांडण?" साहेब म्हणाले.

"तुमच्याशी नाही हो, चाकाशी," तो म्हणाला.

ही ओळ जबाबात घेण्यास साहेबांनी नकार दिला. मी सही करण्यास नकार दिला. ओळ घेतली आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. उल्देरीकोनेही तो आगाऊपणे ऐकला आणि दोनदा हसला. मी सांगितल्याबरहुकूम तो बरोबर आहे. माझा चष्मा गडबडीत दुकानात राहिल्याने सही उल्देरीकोचा चष्मा लावून केली आहे.