बांधीतली आइस हॉकी

ऐक ना, आमच्या दिघोरीत लोकाइनं बर्फ गोळ्यातच पाहिला. तरी धानाच्या रोवनीच्या दिवशी मी आन् माझा दोस्त परभाकर मोबाइलवर आइस हॉकी पाहून भांडलो. इतिहासातला सगळ्यात दांडगा खेळाडू कोन?

मी म्हनलो, "धक्का देनारा."

तो म्हने, "धक्का खाऊन न हालनारा."

दाखवाले मी पानी भरलेल्या बांधीत, धानाच्या वावरात, त्याले खांदा मारला. तो हालला नाही, मीच पडलो. पडता पडता त्याचा हात धरला, तवा तोही आला. पाहतो तं बांधीच्या पान्यात आभाळ उतरलेलं, दूरवर नुसतं पांढरं. उठावंसंच वाटेना.

रोपाच्या जुड्या घेऊन त्याची बायको आली. "भाऊजी, काहून लोळून राहिले?"

"बर्फ हाये, वहिनी. घसरलो."

तिनं जुड्या आमच्या छातीवर टाकल्या. "मंग वितळाच्या आधी रोवून टाका."